चेंजओव्हर

डोईफोडे सरांनी लिलावात घेतलेली अँब्युलन्स
जिंतूर रोडला आमच्या शेडमध्ये सहा आठवडे उभी आहे.
रंग खरवडला तरी पुढची उलटी अक्षरं
उन्हात अजून उमटतात.
आत दोन बर्थ, वीतभर ओटा,
आणि सुमनताईंच्या हट्टाचा फ्रीज.
"छत्तीस वर्षं घंटेवर उठलो," सर म्हणतात,
"आता मुक्काम आम्ही ठरवणार."
ठरवा बापडे.
मला फक्त मागच्या कप्प्यातला जनरेटर जोडायचाय.

चाऊस मिस्त्री बाजूला स्टुलावर.
त्याच्या उजव्या हाताला अंगठा आहे, करंगळी आहे,
मधे रस्ता मोकळा.
मी वायर सोलते, तो बोलतो:
"घरची वायर भिंतीत झोपती, बेटी.
गाडीतली रातंदिस जागी.
हालायली की घासायली,
घासली की पत्र्याला कानगोष्ट सांगायली.
भोकाला रबर घातलं का?"
घातलं.
"लग्ज दाबले का नुसते पिळले?"
दाबले. ओढून बघा.
तो दोन बोटांनी ओढून बघतोच.

सायलेन्सर मागून बाहेर काढला, खिडकीपासून लांब.
कप्प्याची एकेक फट सीलंटनं बुजवली.
वासाचा धूर माणसाला उठवतो,
बिनवासाचा उठू देत नाही.
त्याचा अलार्म सुमनताईंना देव्हाऱ्याजवळ हवा होता.
उशाशी लावा म्हणलं. देव जागेच असतात.

चौथ्या दिवशी सर एक वायर घेऊन आले.
दोन्ही टोकांना पिना.
"लेकाकडं लाइट गेली की हे टोक आपल्या गाडीत,
हे त्याच्या बोर्डात. अख्खं घर चालंल!"
केवढे खूश होते.

मिस्त्रीनं वायर मांडीवर घेतली.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग मला म्हणाला, काप.

"लग्नसराई होती, सर.
लाइन बंद करून मी खांबावर.
खाली मंडपवाल्यानं असलीच वायर बोर्डात घातली,
मेन न पाडता.
ट्रान्सफॉर्मरला काय,
तो दोन्हीकडून चालतो.
इकडून दोनशे तीस ढकला,
तिकडं अकरा हजार उभे.
मंडपात झुंबर लागलं म्हनं त्या टायमाला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
म्या वरून ऐकल्या."

कूलरचं पाणी ठिबकत होतं.
सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

म्हणून हा खटका.
वर बाहेरची लाइट, खाली जनरेटर,
मधे शून्य.
फेज आणि न्यूट्रल दोघं एकदम सुटतात,
एकदम धरतात,
आणि एका बाजूला असताना दुसरीला ओळख देत नाहीत.
"शून्यावर जरा थांबत जा," मी सरांना दाखवते,
"घाई कुणाला आहे?"

एक गाठ राहिली होती.
जनरेटरचा न्यूट्रल त्याच्याच अंगाशी बांधायचा,
तिथंच, एकदाच.
दुसरी गाठ गाडीत कुठं मारली
की करंट घरी यायच्या वाटा विसरतो.
आणि ही एकही नसली
तर आरसीसीबी नुसता शोभेचा.

संध्याकाळी इंजिन सुरू झालं.
फ्रीज गुरगुरला, पंखा फिरला,
सुमनताईंनी साखर वाटली.
मी टेस्टचं बटण दाबलं, पडला.
"झालं का?" सर म्हणाले.
नाही. बटण पढवलेलं बोलतं.
पंधराचा बल्ब घेतला,
एक टोक फेजला,
एक गाडीच्या उघड्या पत्र्याला.

टप्.

सगळं गेलं. पंखा, फ्रीज, ताईंचं हसू.
अंधारात फक्त इंजिन बोलायलं होतं.
"काय बिघडलं?" सरांचा आवाज बारीक.

स्टुलावरून मिस्त्री म्हणाला,
"काय बी नाय.
पुन्हा लाव, बेटी.
आन् पुन्हा एकदा पाड."