दोन अंश

सल्माबादला रात्री दोनला आम्ही शटर अर्धं वर करतो.
दुपारी उपयोग नाही.
दुपारच्या हवेत हवाच कमी असते,
इंजिन श्वास घेतं आणि छातीत नुसती उकड भरते.

मक्कीची गाडी तीन आठवडे लिफ्टवर होती.
सहाशे सीसी, चार सिलिंडर,
टाकीवर गुडघ्यांनी घासून उडालेला रंग.
"जोर पाहिजे, उस्ताद," एवढंच म्हणाला होता
आणि धुळकट काचेवर बोटानं आकडा लिहून गेला: १२२.

बोअर सियालकोटच्या इर्शादनं अर्धा मिलिमीटर वाढवला,
आत चटईच्या विणीसारख्या तिरक्या रेघा पाडल्या.
नवे पिस्टन मी मनामातल्या ओळखीच्या सोनाराकडे नेले.
एक सव्वा ग्रॅम जड भरला.
सोनार म्हणाला, एवढ्याला माझ्याकडे भांडणं होतात.
आतून खरवडला, पुन्हा तोलला.
हेड तीन दशांश तासलं.
एक्झॉस्टची वाट आरशासारखी केली,
इनटेकची नाही.
तिथं जरा खरबरीत ठेवावं लागतं,
फार गुळगुळीत वाटेवर पेट्रोल भिंतीला धरून ओघळतं,
हवेत मिसळतच नाही.
हे खापणे मिस्त्रींचं, कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं.
बुलेटचं हेड हातात देऊन म्हणाले होते,
डोळ्यानं काय बघतोस लेका, बोट घाल.
चौदा वर्षं झाली इथं. बोट अजून घालतो.

एकदा मक्कीला विचारलं, एवढा जोर नेणार कुठं?
बेट तुझं हे एवढं,
सहावा गिअर पडेपर्यंत समुद्र लागतो.
तो हसला.
तुमच्याकडे तर जमीन पुष्कळ, उस्ताद,
तुम्ही किती पळलात?
मी फीलर गेज पुसत बसलो. पुसलेलंच होतं ते.

आज रोमेलनं पट्टे आवळले,
मागचं चाक रोलरवर.
पाच हजार, नऊ, साडेबारा,
जागच्या जागी दोनशे चाळीसचा वेग,
आणि फेब्रुवारीवर अडकलेलं कॅलेंडर खिळ्यासकट खाली.
पडद्यावर रेघ चढत गेली नि वाकली.
एकशे एकोणीस.

मक्की काही बोलला नाही. काचेकडे बघत राहिला.

लॅपटॉपवर ठिणगी एक अंश पुढं सरकवली.
एकशे एकवीस.
आणखी एक.
एकशे बावीस पूर्णांक तीन!
मक्कीनं रोमेलला उचललंच,
झोपलेल्या इर्शादला हलवून कागद दाखवला,
तो कूस बदलून मुबारक म्हणाला.

त्या गलक्याखाली मला काहीतरी ऐकू आलं होतं,
अगदी वर, साडेबाराच्या पुढं,
पत्र्याच्या डब्यात दोन हरभरे हलवावेत तसं.
रोमेलच्या सेन्सरला नाही आलं.
आलंही असेल मला उगाच.
पण ऑगस्टच्या दुपारी, सिग्नलला तापून उभी राहिलेली ही गाडी
हिरवा पडताच तो पिळेल,
आणि तेव्हा मी शेजारी नसेन.

मिस्त्री म्हणायचे, जोर काढणं सोपं असतंय,
न काढलेला कुठं ठेवायचा ते शिक.

मक्की करक चहा आणायला गेला.
मी दोन अंश मागं घेतले,
सेव्ह केलं, वायर काढली.
रोमेलनं बघितलं आणि पाना पुसायला घेतला.

खोटं बोललो का?
कागदावरचा आकडा खरा होता, त्या चार सेकंदांपुरता.
घडी घालून त्यानं तो पाकिटात ठेवला,
बापाच्या फोटोमागं.

शटर पूर्ण वर केलं.
तो गेला, आणि मी उंबऱ्यावर उभा राहून
गिअर मोजले,
तिसरा, चौथा, हायवेच्या वळणावर पाचवा,
आवाज स्वच्छ, एकसंध, डब्यात काही नाही.
सहावा पडला की नाही कळलं नाही,
तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातला कंप्रेसर सुरू झाला.