समोरची बाजू

घरं बरी. त्यांचे डोळे मिटत नाहीत.
सतरा वर्षं मी शाळेतल्या पोरांचे फोटो काढले,
दर वर्गात एक जण ऐन वेळी पापणी पाडायचाच.
घर नुसतं उभं असतं.
थांबावं लागतं ते मला.

थंडर बेमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी
उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीला ऊन नसतं.
समोरच्या घराच्या काचांवर आपटून
येतं ते उसनं,
साडेचारच्या सुमारास, दहा मिनिटं.
तेवढ्यात सगळं उरकायचं:
कचऱ्याचे डबे मागे,
पाण्याची नळी गुंडाळून नजरेआड,
शेजारच्या पोराला हात जोडून, बाबा रे, ट्रक जरा पुढे घे,
आतले सगळे दिवे लावायचे, तळघरातलासुद्धा,
जसं काही आत कुणी जेवायला बोलावलंय.

आभाळाची काळजी नाही.
माझ्या संगणकात चौदा आभाळं आहेत,
सगळी जुलैमधली.
सहा नंबरचं जास्त चालतं.
गावातली निम्मी घरं
त्या एकाच दुपारी विकली गेलीत.

ताइस्तो केम्पाइनेन, वय शहाऐंशी,
पायरीवर बसून बूट बांधत होते.
दारापुढचा लाकडी उतार आठवड्यापूर्वी काढलेला,
चाकांच्या खुर्चीसाठी होता तो.
गवतावर त्याच्या मापाचा पिवळा चौकोन.
त्यांनी पाहिलं की मी पाहिलं.
"हिरवा करता येतो ना तुमच्या यंत्रात?"
येतो, म्हणाले.
"हेल्वीला आवडलं असतं," ते म्हणाले. "तिला पिवळा चालायचा नाही."

मग डार्लीनचा फोन. डार्लीन म्हणजे दलाल,
बोलते गोड, ऐकत नाही.
मागचं शेड पण घे हं, लोकांना शेड आवडतं.
मी फोन कानाला लावूनच विचारलं,
मागे शेड आहे का?
म्हातारा उठला. दोन्ही बुटांच्या नाड्या
अजून सुटलेल्याच.
"शेड?
माझ्या बापाने घराआधी ते बांधलं.
दोन हिवाळे आम्ही सहा जणं त्यातच राहिलो.
माझी धाकटी बहीण त्यात जन्मली.
सौना आहे ती. लिहून घ्या. दोनदा लिहा."
मी तळहातावर दोनदा लिहिलं.

आणि साडेचारला, ऊन आलं तेव्हा,
अठरा फुटी काठीवर कॅमेरा चढवून
मी वर पाहते तर
छपरामागून धूर.
सरळ, पांढरा, बर्चच्या लाकडाचा,
वारा नव्हता म्हणून अगदी ओळंब्यासारखा.
त्यांनी सौना पेटवली होती. आज. आत्ता.

माणसं नकोत, धूर नको, कुत्रा नको,
हे नियम मी केलेले नाहीत.
घर असं दिसलं पाहिजे
की कालच कुणीतरी हात झटकून निघून गेलंय.
मी हाक मारली, विझवता का थोडा वेळ?
आतून आवाज आला,
"पेटवायला दोन तास लागतात, पोरी. तू थांब."

ऊन कुठलं थांबायला.
मी एकवीस फोटो काढले, सगळ्यांत धूर.

रात्री बसले पुसायला.
कौलांच्या कडेपासून वर वर,
मग मागे सहा नंबरचं आभाळ टाकलं,
पिवळ्या चौकोनावर गवत पेरलं.
डार्लीनला पाठवले. तिने तीन हृदयं पाठवली.
शेडच्या जागी सौना लिही, मी कळवलं.
तिने लिहिलं: बागेतलं शेड, सौनासह.

घर अकरा दिवसांत गेलं.
दोन नर्सेसनी घेतलं, विनिपेगहून आलेल्या,
एकीचं नाव तामसिन, दुसरीचं आठवत नाही.

त्या पहिल्या फोटोत डावीकडे,
शेजाऱ्याच्या गॅरेजची एक बारीक काच आहे.
तिच्यात तो धूर राहून गेलाय,
नखाएवढा, थोडा वाकडा.
मला तो महिन्याभराने दिसला.
मी अजून कुणाला दाखवलेला नाही.