हातची राखलेली ओळ

कार्ड क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.
गाणारी: नास्तो, विधवा, वय अंदाजे सत्तर.
गाव: कुइक्कायार्वी, लाडोगाच्या उत्तरेला.
विषय: वाहतं रक्त थांबवणं.
खाली शिसपेन्सिलीच्या तेवीस ओळी
आणि चोविसाव्या जागी तीन टिंबं.

या टिंबांवर ताय्मी हुक्कानेन यांची
अर्धी हयात गेली, असं खात्यातले लोक म्हणत.
स्वीडनमधल्या एका पंडिताने तर
तिथे कुठली ओळ असायला हवी
हे चाळीस पानांत सप्रमाण सिद्ध केलं.
ताय्मीबाईंनी त्याला पोचपावती पाठवली.
नुसती पोचपावती.

मी तेव्हा नवखा, तिसऱ्या मजल्यावर खोकी लावणारा.
त्या यायच्या एकावर एक दोन लोकरी टोप्या घालून,
खिशात काळ्या भाकरीचा तुकडा,
आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर वाजत असायची:
आठ ठोके, थांबा. आठ ठोके, थांबा.
ट्रामची वाट बघतानाही.
नवऱ्याला पुरतानाही, म्हणे.

एकदाच बोलल्या, कॉफी गार होऊ देत:
"सव्वीस वर्षांची होते. स्कीवरून एकोणीस किलोमीटर.
म्हातारी म्हणाली, आधी सरपण फोड.
दुसऱ्या दिवशी म्हणाली, गाईचं दूध काढ.
तिसऱ्या रात्री सौनात, वाफेच्या आडून,
न सांगता सुरू झाली.
*थांब रक्ता, वाट मोडे,*
*घरी जा रे, रात झाली…*
वही बाहेर. मी उघडी, बोटांवर ओळी मोजत.
तेविसाला ती गप्प.
पुढे? म्हटलं.
पुढचं दिलं तर माझ्यापाशी काय उरलं?
उद्या विळा लागला कुणाला
तर तुझ्या वहीला बोलावू?"

मग बाहेरच्या खोलीत त्यांनी लिहून घेतलं,
केस गोठून काड्या होत असताना.
शाई आधीच गोठली होती.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात ते गाव रिकामं झालं.
गाई पायी, माणसं मालडब्यांतून.
नास्तोला पश्चिमेकडे परक्याच्या शेतावर खोली मिळाली;
तिथली पोरं तिच्या क्रूस काढण्याला हसत.
ताय्मीबाई तिथे गेल्या होत्या.
प्रवासभत्त्याची पावती आहे: ऑक्टोबर, सत्तेचाळीस.
टिपण नाही.
मी सगळी खोकी उपसली. टिपण नाही.

शेवटची तीन वर्षं वृद्धाश्रमात.
आधी माझं नाव गेलं, मग मुलाचं,
मग चमच्याचं, खिडकीचं.
बोटं मात्र चादरीवर: आठ ठोके, थांबा.

नोव्हेंबर होता, तीनलाच अंधारलेलं.
मी त्यांच्यासाठी सफरचंद चिरत होतो, सुरी सटकली.
त्यांनी माझा हात ओढला,
जोर कुठून आला कोण जाणे,
अंगठा मुठीत धरून तोंड जखमेशी नेलं.
तेवीस ओळी मला पाठ होत्या.
ओठांवरूनच ओळखत गेलो:
लोखंडाला त्याच्या आईची शपथ,
ओढ्याला बर्फाचं झाकण,
दाराला कडी.
आणि मग, थोडं थांबून, चोविसावी.

रक्त थांबलं.
थांबलंच असतं म्हणा;
नर्स म्हणाली, जखम वरवरची होती.

सवयीने मी मोजलं. आठ.
आठच, हातचा शून्य.

त्या रात्री कोरं कार्ड समोर घेऊन बसलो.
अंगठ्याला पट्टी होती, पेन्सिल धरवली नाही,
असं मी खात्याला सांगू शकलो असतो.
स्वीडनचा पंडित चुकला होता, एवढं सांगतो.
एका शब्दाने, पण चुकला होता.

आता सगळं संगणकावर चढवताहेत.
नवी मुलगी विचारते,
इथे काय भरू? 'ओळ हरवली'?
हरवली नको, म्हटलं.
मग?
टिंबं आहेत तशी ठेव.
तीनच. मोजून.