डीकनची वही

वहीला वाळवीनं खिडक्या पाडल्यात.
त्यातून दिसतो भागोजी मकासरे,
माझा खापरपणजोबा,
नगरहून पायी वाईला आलेला.
बरोबर बायको, एक गाभण शेळी,
आणि पोत्यात गुंडाळलेलं शास्त्र.

गावानं जागा दाखवली ओढ्यापलीकडं,
जिथं नुसते गोटे.
त्यानं गोटे वेचले, त्यांचीच भिंत घातली.
कौलं चढायच्या आधीच एका रविवारी
आठ माणसं उन्हात मांडी घालून बसली.
‘मंडळी’ असं लिहिलंय त्या दिवशी,
अक्षर थरथरतं.

मग तो डीकन झाला
आणि अक्षर सरळ झालं.

‘सखाराम बावधनचे बगाड पाहण्यास गेला.
विचारता म्हणाला, नुसता उभा होतो.
उभे राहणे हे जाणेच होय.’

‘राही हिने मिश्री लावली.
एक महिना प्रभुभोजन बंद.’

सखाराम त्याचा थोरला. राही बायको.
वहीत तसं कुठं लिहिलेलं नाही.

चुलते सांगतात,
शनिवारी रात्री तो मनुका भिजत घालायचा,
मोजून चाळीस, दुसऱ्या दिवशीच्या प्याल्यासाठी.
सकाळी एक जरी कमी भरली
तर घरातल्या पोरांची तोंडं हुंगायचा.

मला हा माणूस कधी आवडला नाही.
वही मी उघडली
ती खरं तर रद्दीत घालायच्या आधी, सहज.

प्लेगच्या साली गुन्हे नाहीत.
नुसती नावं, एकाखाली एक,
आणि समोर लाकडाचा हिशेब:
आंब्याच्या फळ्या चार. जांभळाच्या तीन.
कृष्णेपलीकडच्या सुतारानं येणं बंद केलं,
तेही तारखेसकट.

मग ही ओळ:
‘राही. फळ्या मिळाल्या नाहीत.
देवळाचे दार काढले.’

मी मागं जाऊन बोटांवर मोजलं.
तिचा महिना पुरा व्हायला
नऊ दिवस होते.

त्याखाली, त्याच शाईत:
‘भागोजी याने रविवारी कुदळ धरली.
दंड दोन आणे. भरला.’

बाकी काही नाही.
पावसाळाभर देऊळ बिनदाराचं राहिलं असणार,
शेळ्या आत शिरल्या असणार.
आता तिथं लोखंडी दार आहे, निळं,
उघडताना करकरतं.

पान उलटलं.
पुढच्या प्रभुभोजनाची नोंद, अक्षर पुन्हा वाकडं:
‘माणसे अकरा.
मनुका चाळीस.’