कोपर

नाळ नवव्या दिवशी पडली,
डायपरच्या घडीत, काळ्या मनुकेएवढी.
विश्रामने ती कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवली
आणि काडेपेटी कुठे ठेवतात हे दोघांनाही ठाऊक नसल्यानं
फ्रिजवर.
म्हणजे आज न्हाऊ घालायचं.

संडरलँड. फेब्रुवारी. चारलाच दिवे.
दारातल्या टपालाच्या फटीतून समुद्राचा वारा आत येतो,
तिथं आम्ही मोजा कोंबलाय.
स्वयंपाकघरात हीटर ओढून आणलेला,
टेबलावर भांडी धुण्याचा नवाकोरा निळा टब.
स्टिकर काही केल्या निघत नाही: दोन पौंड पन्नास.

विश्राम कारखान्यात गाड्यांची दारं बसवतो.
अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर पट्टा थांबतो.
त्यानं बदकाच्या आकाराचा थर्मामीटर आणलाय.
सदतीस, म्हणतो. साडेसदतीस. थांब. सदतीस.
मी बाही सारून कोपर बुडवते.

मला हे येतं.
सहा वर्षं मी हेच करतेय, रोकरच्या वृद्धाश्रमात,
सकाळी सातपासून, एकामागून एक:
बोटांच्या बेचक्या, कानामागचं, सुरकुत्यांच्या आतलं.
मिस्टर एलियट, वय एक्क्याण्णव.
जन्मभर जहाजांना वेल्डिंग केलं, पोहता येत नव्हतं.
वीतभर पाण्यालाही भ्यायचे,
माझी बाही मुठीत धरून ठेवायचे.
आधी सांगायचं, मग हात लावायचा, हा तिथला नियम,
म्हणून मी सांगत राहायचे:
आता उजवा हात उचलते हं.
आता पाठ. आता जरा गरम लागेल.
मानेला धर पोरी, म्हणायचे, बाकीचं आपोआप तरंगतं.
पोहता न येणाऱ्या माणसानं हे सांगावं!

मग आज माझे हात का थरथरतायत?

सव्वातीन किलो.
टाळू उडतेय, वर नुसती कातडी.
इतक्या उघड्यावर कुणी जीव ठेवतं का?

पाय पाण्याला टेकले मात्र,
दोन्ही हात फेकले तिनं, छप्पर कोसळल्यासारखे,
आणि सापडलं ते धरलं.
माझी बाही.

मी बोलू लागले, तर तोंडातून इंग्रजी आलं.
तेच वाक्य, कामावरच्या आवाजात,
शेवटी इथल्या बायका लावतात तसं ‘पेट’ लावून.
विश्राम म्हणाला, कुणाशी बोलतेयस?

खरं आहे. मराठीत हे मी कधी कुणाला म्हटलंच नव्हतं.
मराठीत मला फक्त न्हाऊ घातलं गेलंय:
डोळ्यांत साबण, हलू नको गं, पाठीत एक धपाटा.
शब्द शोधावे लागले,
अंधारात बटण चाचपावं तसे.
आता हात घेते हं तुझा, बयो.
आता पाठ.
मान धरलीय मी. धरलीय.

विश्राम मापाचा कप घेऊन उभा:
किती ओतू? पन्नास मिली? शंभर?
ओत रे.
ओतलं, आणि तिनं तिकडून
आपल्या वाटणीचं पाणी टबात सोडलं.
बदक अजून सदतीसच दाखवत होतं.

धुरी नाही. तव्यावर चिमूटभर ओवा टाकून पाहिला
तर अलार्म बोंबलला,
आणि विश्राम स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालत बसला.
ती तेवढ्यात झोपली. जावळ सगळं उभं.
आमच्यात तिलाच तेवढं काम जमलं.

मिस्टर एलियट नोव्हेंबरात गेले.
मी रजेवर होते.
त्यांना शेवटचं कुणी पुसलं, विचारलं नाही मी.
आधी सांगितलं का त्यांना, तेही नाही.

टब तसाच राहिला टेबलावर,
वर तरंगणारा एक केस, तळाशी साबणाची साय.
रात्रपाळीला निघताना, बूट घातलेले, जॅकेट अर्धं चढवलेलं,
विश्रामनं एक बाही वर केली
आणि कोपर बुडवलं.
गार झालंय, म्हणाला,
जणू कुणी विचारलं होतं.