पासंग

अंगणात निळी ताडपत्री पसरायची,
वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार बूट,
आणि म्हणायचं, काढा सगळं बाहेर.
उआरासला आलेला प्रत्येक जण इथे जरा लाजतो.
योरिसही लाजला.
हॉलंडचा माणूस, उंची दाराला टेकणारी,
त्याच्या गावात साधी टेकडी नाही म्हणे;
पिशवीतून मात्र अख्खं घर निघालं.

लोकरी मोजे, सहा जोड. तीन परत.
जीन्स? भिजली की वाळत नाही,
गोठली की फळी होते. परत.
पिसांचं जाकीट मी दाबून पाहिलं
पाव ताजा आहे का बघावं तसं;
हात काढला, फुगून वर आलं. राहू दे.
क्रॅम्पॉन बुटाला चढवले, बूट उलटा धरून झटकला,
पडले नाहीत. राहू दे.
डोक्यावरच्या दिव्याचे सेल रात्री उराशी घेऊन झोप,
थंडीत ते आपल्याआधी मरतात.

आणि हे?
पुठ्ठा-बांधणीचं जाडजूड पुस्तक, पेरूचे पक्षी.
परत, मी म्हणाले.
त्याने ते तीनदा भरलं. मी तीनदा काढलं.

मग काटा घेऊन आला माझा बाप, मासेदोनियो.
त्याला वस्तू दिसत नाहीत, वजन दिसतं.
गाढवाच्या डाव्या अंगाला योरिस,
उजव्या अंगाला बटाटे, पातेली, रॉकेल.
दोन्ही सारखे हवेत, नाहीतर पाठ सोलते.
जिकडे हलकं तिकडे नदीतला एक गोटा बांधायचा.
"डोंगरावर दगड न्यायचा?" योरिस हसला.
बाप हसला नाही.

तळावर, स्वयंपाकाच्या तंबूमागे, त्या गोट्यांचा ढीग आहे.
वरचा खडक सगळा तुटका, धारेचा;
त्यात हे गुळगुळीत, चुकून पाहुणे आल्यासारखे.
हा चिलीच्या दंतवैद्याने आणलेल्या बिडाच्या तव्याचा.
तो काळा, पांढऱ्या रेघेचा, माझा:
एकोणीस वर्षांची होते,
आरसा भरला होता, आणि चार घागरे.

या खेपेला ढिगावर नवा गोटा पडला नाही.
डावं अंग किलोभर हलकं भरलं होतं,
आणि पहाटे, माझी पाठ वळल्यावर,
बापाने पासंगाला पुस्तक बांधलं.
दगड वाचता येत नाही, एवढंच म्हणाला.
त्यालाही वाचता येत नाही.

आता ढिगावर बसून तो पानं उलटतोय.
झाडं नसलेल्या माळावरच्या सुतारपक्ष्यावर बोट ठेवतो,
म्हणतो, हकाक्ल्यु.
तसाच ओरडूनही दाखवतो.
पुस्तकात ते नाव नाही. योरिस समासात लिहून घेतो,
दोनदा खोडतो, पुन्हा विचारतो.

रात्री एकला उठायचंय.
मी दोर वेटाळते, गाठी चाचपते.
योरिस, मोजे वाळले का?