ठिपका

काही हरवलं का, ड्रिका?
फ्लोरिस रस्त्यावरूनच विचारतो,
त्याच्या शेळ्या केव्हाच पुढे गेलेल्या.
रोजच विचारतो.
ती पालथी. कोपरं वाळूत, हनुवटी गारगोट्यांवर,
पेट्रोल पंपाचा निळा गणवेश पोटाशी मळलेला.
हातानेच सांगते, जा पुढे. सावली नको पाडूस.

नामाक्वालँडचं हे असंच.
अकरा महिने नुसता खडक,
मग ऑगस्टात लांबलांबच्या गाड्या थांबतात,
माणसं उतरतात, नारिंगी डोंगर पाठीशी घेऊन
स्वतःचेच फोटो काढतात
आणि पंपावर येऊन संडासाची चावी मागतात.
ड्रिका चावी देते.
तिला डोंगर नको. एक फूल हवं,
नाण्याएवढं, साठ वर्षं जे ती तुडवत आली.

ऊन चढल्याशिवाय ते उघडत नाही.
उघडलं की वारा सुटतो.
वारा पडला की शेळी येते.
काल भिंगात अगदी नेमकं बसलेलं फूल
तिच्या डोळ्यांदेखत कुणी चावून गिळलं.
देठ उरला. तिने देठाचा फोटो काढला.

आज मात्र पाकळीच्या मुळाशी
एक काळी माशी बसलीय,
पाठीवर हिरवट झाक, चकाकणारे दोन बिंदू.
हलत नाही.
शहाणी गं बाई, ड्रिका पुटपुटते,
उभ्या जन्मात माझ्यासाठी
इतकं स्वस्थ कुणी बसलं नाही.
श्वास रोखून टिपते. पुन्हा टिपते.
बत्तीस वेळा.

तेवढ्यात दुसरी आली, गुणगुणत,
पहिलीवर झेपावली, घसटली, गोंधळली,
आणि परागांनी माखून
चडफडत निघून गेली.
पहिली तिथेच.
ड्रिकाने बोट नेलं. बोटाला पाकळीच लागली.

फुलाने स्वतःच काढलेला ठिपका!
एक नर फसला होता,
आणि एक पंपावरची बाई.
ती इतकी हसली की भिंगावर वाळू उडाली.

चार वाजता फुलं मिटली,
कुणी शिट्टी न वाजवता.
फाटकाशी फ्लोरिस शेळ्या मोजत होता.
तिने कॅमेऱ्याचा पडदा त्याच्यापुढे धरला.
चष्मा कपाळावर चढवून
त्याने बराच वेळ पाहिलं.
झकास, म्हणाला,
आणि अंगठा थुंकीने ओला करून
माशी पुसायला लागला.